दापोडीची बाग आणि जुन्या चित्राचार्यांची रेषा

चित्र पाहतांना सामान्य रसिकाची दृष्टि प्रथम रंगाकडे जाते. रेषेकडे ती फार उशिरां वळते. वास्तविक रंग कालांतरानें विटतात, कागद पिवळा पडतो, कोपऱ्यांत लिहिलेलीं नांवें पुसलीं जातात. परंतु ज्या हातानें रेषा ओढली त्या हाताची संवय मात्र त्या रेषेंत कायमची राहते. म्हणूनच जुन्या चित्राचार्यांच्या रेखाटनाच्या रीति एकमेकींशेजारीं मांडून पाहणें हा केवळ जाणकारांचा विरंगुळा नव्हे. ज्या चित्रांचा कर्ता कोण हें कोणीं लिहून ठेवलें नाहीं, त्या चित्रांविषयीं कांहीं समजून घेण्याचा तोच एक मार्ग उरतो. अशा चित्रांचा एक मोठा संच पुण्याच्या अगदीं वेशीवर, दापोडी येथें, निर्माण झाला. आणि त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळ वसलेलें दापोडी आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल खडकीनंतर याच स्थानकावर थांबते. हॅरिस पूल, रेल्वेचे रूळ, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दाट वस्ती यांच्यामधून जाणाऱ्या प्रवाशाला येथें एके काळीं देशोदेशींच्या वृक्षलतांनीं भरलेली सरकारी बाग होती, असें सांगितलें तर तें सहसा खरें वाटणार नाहीं. इंग्रजी कागदपत्रांत या गांवाचें नांव 'दापुरी' असें येतें. पेशवाईच्या अखेरीस बाजीरावाच्या नांवानें उभारलेल्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा तळ येथें होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, तेव्हां हीच पलटण दापोडीहून निघून इंग्रजांच्या सैन्यास मिळाली. पेशवाई बुडाल्यावर फोर्डचा बंगला मुंबई सरकारकडे आला. सर जॉन मॅल्कम हे गव्हर्नर असतांना, १८२८ सालीं, त्याच्या आवारांत वनस्पतींची बाग घालण्यांत आली, आणि पावसाळ्यांत गव्हर्नरसाहेबांचा मुक्कामही येथेंच पडूं लागला.

या बागेस खरें रूप आलें तें अलेक्झांडर गिब्सन याच्या कारकीर्दींत. गिब्सनचा जन्म १८०० सालीं स्कॉटलंडमध्यें झाला. एडिंबरो येथें वैद्यकाचें शिक्षण घेऊन तो कंपनीच्या नोकरींत मुंबई इलाख्यांत आला, आणि १८३८ पासून दापोडीच्या बागेचा प्रमुख झाला. १८४७ सालीं त्याला इलाख्याचा पहिला वनसंरक्षक नेमण्यांत आलें. जंगलें तुटलीं म्हणजे ओढे-नाले आटतात, ही गोष्ट त्यानें सरकारच्या कानीं वारंवार घातली. डॅल्झेल या सहकाऱ्यासह त्यानें लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ सालीं प्रसिद्ध झाला. असा हा मनुष्य डोळस होता, उद्योगी होता, आणि वाळलेल्या झाडपाल्यावर शास्त्राचें सगळें काम भागत नाहीं हें ओळखण्याइतका व्यवहारीही होता.

वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाची फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवतात. अशा नमुन्यांत पानाचा आकार राहतो, शिरांची मांडणी राहते. परंतु फुलाचा रंग जातो आणि मांसल पाकळ्यांचा तर केवळ डाग उरतो. जें वाळवून टिकत नाहीं तें चित्रानेंच टिकवावें लागतें. म्हणून १८४७ ते १८५० या काळांत गिब्सननें दापोडीच्या बागेंत एका चित्रकाराकडून वनस्पतींचीं चित्रें काढविलीं. तीं सुमारें १७० आहेत. त्यांत या देशांतलीं झाडें आहेत, तशींच समुद्रापलीकडून आणून येथें रुजविलेलींही आहेत. आज हा संच एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानांत जपून ठेवलेला आहे. तेथील अभ्यासक हेन्री नोल्टी यांनीं २००२ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां दापोडीचें नांव दीड शतकानंतर विद्वानांच्या चर्चेंत आलें. झाडें कोणतीं हें ठरलें, बागेचा इतिहास जुळविला गेला, गिब्सनचें चरित्रही उलगडलें. परंतु कुंचला धरणारा हात कोणाचा, हें कळलें नाहीं. तो पोर्तुगीज-हिंदी समाजांतला होता, एवढीच त्याची ओळख उरली आहे.

नांव नसलेल्या या कलावंताच्या कामाची पारख करावयाची तर त्याच्या आधीं होऊन गेलेल्या आचार्यांनीं रेषेपासून काय काय काम करून घेतलें, हें पाहिलें पाहिजे.

युरोपांतील जुन्या आचार्यांची रेषा ही प्रथमतः साधनाच्या स्वभावावर अवलंबून असे. पंधराव्या शतकांत चांदीच्या बारीक सळईनें चित्र काढण्याची रीति प्रचलित होती. हाडांच्या भुकटीचा लेप दिलेल्या कागदावर ही सळई ओढली म्हणजे करड्या रंगाची नाजूक रेघ उमटते आणि हळूहळू तपकिरी होते. ती सहज खोडतां येत नाहीं. दाबून ओढली तरी फारशी जाड होत नाहीं. अर्थात् जेथें छाया दाखवावयाची तेथें जवळजवळ अशा शेंकडों समांतर रेघा ओढण्यावांचून गत्यंतर नसे. लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) हा याच शिस्तींत तयार झाला. तो डावखुरा असल्यामुळें त्याच्या छायेच्या रेघा डाव्या बाजूला वर सुरू होऊन उजवीकडे खालीं उतरतात, आणि केवळ या एका खुणेवरून त्याचा हात शिष्यांच्या हातापासून वेगळा काढतां येतो. विंडसर येथील राजसंग्रहांत त्यानें काढलेलें एका कंदवर्गीय फुलझाडाचें चित्र आहे. त्यांतील पानें पाण्याच्या भोंवऱ्याप्रमाणें मध्याभोंवतीं फिरलेलीं दिसतात. पाण्याचे भोंवरे न्याहाळणाऱ्या लिओनार्दोला झाडाच्या वाढींतही तोच वेग दिसला, आणि त्याच्या रेषेनें पानाच्या कडेपेक्षां त्या वेगाचीच नोंद अधिक केली.

त्याचा समकालीन जर्मन आचार्य आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याची प्रकृति निराळी. तो न्युरेंबर्ग येथील सोनाराचा मुलगा, आणि बापाच्या दुकानांतच त्याचें पहिलें शिक्षण झालें. धातूवर कोरणीनें ओढलेल्या रेघेला चंचलता परवडत नाहीं. ती कोठें सुरू होणार आणि कोठें थांबणार हें आधींच ठरावें लागतें. ड्यूररची लेखणीची रेषाही तशीच निश्चयी आहे. गोल वस्तु काढतांना त्याच्या छायेच्या रेघा त्या गोलाईबरोबर वळतात, आणि जेथें अंधार दाट तेथें एकमेकींस छेदून जाळें विणतात. परंतु १५०३ सालीं त्यानें गवताचा एक तुकडा जलरंगांत रंगविला, त्या वेळीं हें सारें कोरीव कौशल्य त्यानें बाजूला ठेवलें. तेथें गवताच्या प्रत्येक पात्याची उंची, वांक आणि हिरवेपणाची छटा वेगळी आहे. व्हिएन्ना येथें असलेलें हें चित्र पाहणारा वनस्पतिज्ञ आजही त्यांतल्या झाडोऱ्याच्या जाती ओळखूं शकतो.

तथापि उत्तम हात म्हणजे सत्य चित्र, असें समीकरण मांडतां येत नाहीं. याचें उदाहरणही ड्यूररनेंच घालून दिलें आहे, आणि त्याचा आपल्या किनाऱ्याशीं निकटचा संबंध आहे. गुजरातच्या सुलतानानें पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून १५१५ च्या आरंभीं जहाजांतून निघाला आणि मे महिन्यांत लिस्बनला पोहोंचला. कित्येक शतकांत युरोपांत जिवंत गेंडा कोणीं पाहिला नव्हता. न्युरेंबर्गला बसलेल्या ड्यूररपर्यंत आलें तें त्याचें वर्णन करणारें एक पत्र आणि एक कच्चें रेखाटन. त्यावरून त्यानें लाकडी ठशासाठीं चित्र काढलें. ठसा इतका रुबाबदार झाला कीं पुढें सुमारें अडीचशें वर्षें युरोप गेंड्याला त्याच्याच डोळ्यांनीं पाहत राहिला. पण त्या गेंड्याच्या अंगावर कातडीच्या वळ्यांऐवजीं चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत, आणि मानेमागें एक लहानसें जादा शिंगही आहे! रेषेंत कोठें चूक नाहीं; चूक आहे ती पाहण्यांत, किंबहुना न पाहण्यांत.

आतां याच्याशेजारीं पुण्यांतील एक चित्र ठेवावें. सवाई माधवरावांच्या शिकारखान्यांत एक गेंडा होता. गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकारानें १७९० सालीं त्याचें चित्र काढलें. पुणें दरबारींचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठीं गंगाराम काम करी. त्याच्या आडनांवाप्रमाणें हें घराणें तांबें घडविणाऱ्यांचें. म्हणजे ड्यूररप्रमाणें हाही धातुकामाच्या परंपरेंतूनच आलेला. परंतु येथें फरक असा कीं, जनावर त्याच्या डोळ्यांसमोर उभें होतें. त्यामुळें कातडीच्या घड्या घड्यांसारख्याच उतरल्या आणि शरीराचा बोजडपणा बोजडपणाच राहिला. विशेष हें कीं, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला तो १७९२ मध्यें. शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली ती त्यानंतर. म्हणजे समोरची वस्तु तशीच कागदावर उतरविण्याचा डोळा गंगारामला साहेबाच्या शाळेंत मिळाला, असें म्हणतां येत नाहीं. वेल्सच्या सहवासांत त्याला अंतर आणि छायाप्रकाश यांचे पाश्चात्त्य नियम अभ्यासतां आले असतील. पण त्यापूर्वींच त्याचा हात जिवंत वस्तूशीं बांधला गेला होता. पुढें त्यानें वेरुळच्या लेण्यांचीं चित्रेंही काढलीं. त्याचें बरेंचसें काम आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे.

हा डोळा एतद्देशीय परंपरेंत नवा नव्हता. मोंगल दरबारची रीति पाहिली म्हणजे हें ध्यानांत येतें. १६१२ सालीं जहांगिराचा अधिकारी मुकर्रबखान यानें गोव्याहून कांहीं दुर्मिळ प्राणी दरबारांत आणले. त्यांत अमेरिकेंतून आलेला टर्की कोंबडा होता. बादशहानें त्यांचीं वर्णनें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलीं. पण शब्दांवर न थांबतां चित्रें काढण्याचीही आज्ञा दिली. उस्ताद मन्सूर यानें काढलेला तो कोंबडा आज लंडनच्या संग्रहालयांत आहे. काश्मीरच्या मुक्कामांत याच मन्सूरनें शंभराहून अधिक फुलांचीं चित्रें काढल्याचें जहांगीर सांगतो.

मोंगल चित्रकाराची रीति युरोपीय आचार्याच्या रीतीहून पायापासून भिन्न होती. तो प्रथम बारीक बाह्यरेषा आंखी, तीवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देई, मग दिसणारी रेषा पक्की करून अपारदर्शक रंगांचे थरावर थर चढवी. मधूनमधून चित्र पालथें ठेवून गुळगुळीत दगडानें पाठीकडून घोटलें जाई. त्यामुळें रंग कागदांत मुरून त्यांना मिन्यासारखी झळाळी येई. शेवटीं खारीच्या केसांच्या कुंचल्यानें पिसापिसाची, केसाकेसाची रेघ पुन्हां काढली जाई. युरोपांत रेषा ही छायेची दासी होती. समांतर रेघा एकत्र येऊन अंधार निर्माण करीत. मोंगल चित्रांत रेषा ही सीमा होती; ती वस्तूची कड सांगे आणि तेथेंच थांबे. एका बाजूनें पडणाऱ्या उजेडाची आणि जमिनीवरच्या सांवलीची या चित्रकाराला फारशी गरज वाटली नाहीं, कारण वस्तु अमुक क्षणीं कशी दिसली यापेक्षां ती कायमची कशी आहे, हें त्याला सांगावयाचें होतें.

ही भिन्नता युरोपांतील एका श्रेष्ठ आचार्याला आकर्षक वाटली होती. हॉलंडचा रेम्ब्रांट (१६०६–१६६९) बोरूच्या चार-दोन जाड फटकाऱ्यांनीं आणि तपकिरी शाईच्या पुसट हातानें माणूस उभा करण्यांत अद्वितीय. त्यानें १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोंगल चित्रांच्या वीसाहून अधिक नकला केल्या, आणि त्यांसाठीं महागडा जपानी कागद वापरला. या नकलांत त्याचा नेहमींचा दणकट फटकारा आवरलेला दिसतो. रेषा बारीक होते, जपून चालते. परंतु तो रेम्ब्रांटच राहतो. मूळ चित्रांत जेथें स्थिर सीमा आहे तेथें त्याच्या रेषेखालीं किंचित् सांवली येते, आणि शहाजहानाच्या दरबारांतले पुरुष श्वास घेऊं लागल्यासारखे दिसतात. दुसऱ्याची रीति शिकतांना आपला हात लपत नाहीं, उलट अधिक ओळखूं येतो, हें या नकलांवरून कळतें.

या सर्वांचा दापोडीच्या बागेशीं संबंध काय? संबंध असा कीं, कंपनीच्या काळांतील वनस्पतिचित्रकाराला या दोन्ही परंपरांच्या मागण्या एकाच कागदावर पुऱ्या कराव्या लागत. शास्त्रज्ञाला झाड मोकळ्या पांढऱ्या कागदावर, पार्श्वभूमीशिवाय हवें असे. म्हणजे मोंगल चित्रांतल्यासारखी स्पष्ट सीमा हवी. परंतु पान वळलेलें दिसलें पाहिजे, फळ गोल वाटलें पाहिजे. म्हणजे युरोपीय छायाही हवी. त्यांतून वस्तु थांबून राहणारी नव्हे. दख्खनच्या उन्हाळ्यांत तोडलेली फांदी कांहीं घटकांतच मान टाकते. म्हणून असें काम करणारा चित्रकार प्रथम पेन्सिलीनें आकार घाईनें पण अचूक टिपी, फुलाचा रंग ताजा असतांनाच भरी, एखाददुसरें पान पूर्ण करी आणि बाकीचीं त्या नमुन्यावरून सावकाश पुरीं करी. कोणतें आधीं, कोणतें मागाहून, हा निर्णय त्याचा असे. जो वृक्ष चाळीस हात उंच आहे त्याची एक डहाळी निवडून तीवर कळी, फूल आणि फळ यांपैकीं जास्तींत जास्त दाखविणें, हाही त्याचाच निर्णय. शास्त्रज्ञानें आज्ञा द्यावी आणि हातानें ती पाळावी, इतकें हें काम यांत्रिक नव्हतें. दापोडीच्या १७० चित्रांमागें असे १७० विचार उभे आहेत.

येथेंच नांवाचा प्रश्न उभा राहतो. गिब्सनचा समकालीन, त्याच्यासारखाच स्कॉटलंडचा वैद्य रॉबर्ट वाइट मद्रास इलाख्यांत काम करीत होता. त्यानें १८३८ ते १८५३ या काळांत वनस्पतींच्या २१०१ शिळाछाप चित्रांचा प्रचंड ग्रंथ काढला. त्याचे चित्रकार रंगय्या आणि गोविंदू यांचीं नांवें त्या कामाशीं जोडलेलीं राहिलीं, आणि एका आमरीच्या वंशास तर वाइटनें गोविंदूचेंच नांव दिलें. पुण्याच्या गंगारामचें नांव मॅलेटच्या संग्रहाबरोबर टिकलें. याउलट दापोडीच्या चित्रकाराचें नांव लिहिण्यास एक ओळ पुरली असती. ती कोणीं लिहिली नाहीं, किंवा लिहिली असेल तर टिकली नाहीं. कौशल्याच्या कमीअधिकपणामुळें एक हात इतिहासांत राहिला आणि दुसरा हरवला, असें झालेलें नाहीं. फरक पडला तो शाईच्या एका ओळीनें.

बागेचें आयुष्यही पुढें फार उरलें नाहीं. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत गव्हर्नरांसाठीं गणेशखिंडींत नवें निवासस्थान बांधण्यास घेतलें. तीच आज पुणें विद्यापीठाची मुख्य इमारत होय. १८६५ सालीं दापोडीची मिळकत विकली गेली आणि बागेचें कार्य गणेशखिंडीकडे वळलें. गिब्सन १८६७ मध्यें मरण पावला. दापोडीची बाग मोडली. तिच्यांतलीं झाडें कशीं होतीं, हें आज अधिकांत अधिक विश्वासानें सांगतात तीं त्या अनामिक हाताचीं चित्रेंच. बाग लावणाऱ्याचें नांव राहिलें आणि बाग गेली. चित्र काढणाऱ्याचें नांव गेलें आणि चित्र राहिलें.

जुन्या आचार्यांच्या रीतींची तुलना करतां करतां कोण थोर आणि कोण लहान असा निवाडा देण्याचा मोह होतो. पण तुलनेचें खरें फळ तें नव्हे. लिओनार्दोच्या रेघेवरून त्याचा डावा हात ओळखूं येतो, ड्यूररच्या जाळ्यावरून सोनाराचें दुकान ओळखूं येतें, मन्सूरच्या सीमारेषेवरून दरबाराची अपेक्षा ओळखूं येते. तसेंच एखाद्या दिवशीं दुसऱ्या एखाद्या संग्रहांत, सहीसह असलेल्या चित्रांत, दापोडीचा हात कोणाला ओळखूं येणें अशक्य नाहीं. त्यासाठीं पाहणाऱ्याची दृष्टि रंगावरून रेषेवर येण्याइतकी थांबली पाहिजे. आणि तोंवर, आपल्या घराच्या भिंतीवर जीं जुनीं चित्रें लागलीं आहेत, देवघरांतल्या चौकटींत जीं जपलीं आहेत, त्यांचा कर्ता ठाऊक असेल तर त्याचें नांव पाठीमागें एका ओळींत लिहून ठेवणें, एवढें काम तर कोणत्याही सुशिक्षित कुटुंबाच्या हातचें आहे.